तिघांची चाल बाकी

माझ्या मुलीच्या, मुग्धाच्या शाळेचा एक फॉर्म छापायचा म्हणून मी शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर लावला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला: तुमच्या गेमचा नवा भाग उतरवून तयार आहे. मी काहीच विकत घेतलं नव्हतं. अडीच वर्षांत तो गेम मी उघडलासुद्धा नव्हता. कुणीतरी आपलं खातं हॅक केलं या धास्तीनं मी आत गेले, तर समोर बर्फ. डोंगरातली एक अरुंद खिंड, वाकलेली झाडं आणि आमची सहा शिपायांची तुकडी. त्यातल्या तिघांची चाल झालेली होती. ते तिघे एका पडक्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि त्यांची नावं करडी झाली होती. उरलेल्या तिघांची नावं अजून पांढरी होती, म्हणजे त्यांची चाल बाकी होती. खाली तारीख होती, अकरा दिवसांपूर्वीची. मी माउसवरचा हात काढला आणि उगाचच ओढणीला पुसला. हॅकर अकरा दिवस कुणासाठी थांबून राहत नाही, एवढं मला कळत होतं.

त्या वेळी घरात मी एकटीच होते, मुग्धा शाळेत. माझं ऑफिस शारजात, त्यामुळे शुक्रवारची सुट्टी. वेदांगचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं ऑफिस दुबईत, त्यामुळे त्याला शुक्रवारी अर्धा दिवस काम. आम्ही राहतो दुबईतल्या अल कुसैसला, जिथून शारजा चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि गाडीनं गेलात तर तासाभराच्या अंतरावर. शुक्रवारची ती सकाळ म्हणजे आठवड्यात माझ्या एकटीच्या मालकीचे तीन तास. एसीची घरघर, डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं, आणि कुणी ‘आई, माझा चार्जर?’ विचारणारं नाही. त्या तीन तासांत मी सहसा काहीही करत नाही आणि विचारलं तर कपाट आवरलं म्हणून सांगते. त्या दिवशी मी खुर्चीत बसून त्या तीन पांढऱ्या नावांकडे बघत राहिले, आणि छातीत असं धडधडायला लागलं की मला स्वतःचाच राग आला. त्रेचाळीस वर्षांची बाई, आणि व्हिडिओ गेम बघून घाम फुटतो.

गेम तसा कळायला सोपा आहे. चौकटी आखलेला नकाशा, आपली सहा माणसं, समोर धुकं आणि धुक्यात शत्रू. आपण आपल्या सहाही जणांना एकेकदा हलवायचं, मग ‘टर्न संपवा’ असं बटण दाबायचं, की शत्रू हलतो. तो हलेपर्यंत कितीही वेळ विचार करा, कुणी घाई करत नाही. याची सगळ्यांत जुनी आवृत्ती बाबांनी ऑफिसातून जुना कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा त्याच्यातच होती. मी चौदा वर्षांची, धाकटा भाऊ अंकुर नऊ. संध्याकाळी एक तास खेळायची परवानगी, आणि तो तास कुणाचा यावरून रोज हाणामारी. शेवटी बाबा, म्हणजे हेमचंद्र दातार, सरकारी नोकरीतले सज्जन गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून न्यायाला बसले. “माणसं सहा आहेत ना? मग वरची तीन मैथिलीची, खालची तीन अंकुरची. दोघांच्या चाली झाल्याशिवाय कुणी टर्न संपवायची नाही. संपवली, तर कॉम्प्युटर परत ऑफिसात.” हा निकाल आम्ही इतका मनावर घेतला, की पुढे मी लग्न होऊन इकडे आले, नव्या आवृत्त्या आल्या, तरी आम्ही दोघांत एकच खातं ठेवलं. तो पुण्याला आपले तीन हलवून उठायचा, मी इथे माझे तीन. जो दुसरा असेल त्यानं बटण दाबायचं, शत्रू काय करतो ते बघायचं, आणि पुढच्या टर्नमधले आपले तीन हलवून खुर्ची सोडायची. पंधरा वर्षं आम्ही असं खेळलो. आमच्या शिपायांना नावंसुद्धा कॉलनीतल्या माणसांची होती. नेमबाज ठकुबाई, कारण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ठकुबाई तिसऱ्या मजल्यावरून चप्पल फेकून कुत्र्याला मारायच्या. आणि जखमींवर उपचार करणारी ती मरियमबी, कारण दवाखान्यातल्या मरियमबींच्या इंजेक्शनला आम्ही दोघं शत्रूपेक्षा जास्त घाबरायचो.

करडी नावं खालच्या तिघांची होती. अंकुर खेळून गेला होता. नवा भाग त्यानं घेतला होता, आणि आपली अर्धी टर्न खेळून, एक शब्दही न बोलता, माझी अर्धी माझ्यासाठी ठेवून उठला होता. अडीच वर्षं आम्ही एकमेकांशी ‘आईला दे’ आणि ‘देतो’ यापलीकडे बोललेलो नव्हतो.

ते कसं झालं हे मी इतक्या वेळा मनात घोळवलंय, की आता त्याचे कोपरे झिजायला हवे होते. झिजलेले नाहीत. अडीच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बाबा आजारी पडले. मी रोज फोन करत होते आणि अंकुर रोज सांगत होता, “व्हायरल आहे गं ताई. वीकनेस आहे. सलाइन लावलंय, दोन दिवसांत घरी.” मंगळवारी मी विचारलं, “मी येऊ का?” तो म्हणाला, “छे, यायची गरज नाही. तू कशाला सुट्टी घालवतेस?” बाबा तेव्हा आठ दिवसांपासून अतिदक्षता विभागात होते. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला आणि तो नुसता ‘ताई, ताई’ म्हणत राहिला. मी पोचले तेव्हा त्यांनी बाबांना माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. चेहरा बघायला मिळाला. आपल्याकडे याला नशीब म्हणतात. तेराव्याला सगळी पांगल्यावर मी अंकुरला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाले, “तू मला या घरातून काढून टाकलंस. परक्या माणसालाही कळवतात रे.” तो ओट्याकडे तोंड करून म्हणाला, “कळवून तू तिकडून काय करणार होतीस?” त्यावर मी जे बोलले ते लिहिणार नाही. राग माझ्या नाकावर लहानपणापासून आहे, पण त्या दिवशी तो नाकावरून पार जिभेवर उतरला होता. वैभवी, त्याची बायको, दारात उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवशी मी निघून आले.

म्हणून त्या शुक्रवारी पहिला विचार आला तो खिडकी बंद करून टाकायचा. फॉर्म छापावा, कॉम्प्युटर बंद करावा, राहू दे त्याचे तिघे भिंतीपाशी बर्फात. दुसरा विचार आला की ठकुबाई चुकीच्या जागी आहे. तिथून तिला खिंडीचं तोंड दिसतच नाही, आणि टेकाडावर चढली तर दिसेल. अंकुरला उंचीचं महत्त्व कधीच कळलं नाही. मी ठकुबाईला टेकाडावर चढवलं. ती चढली तशी बाकीच्या दोघांना उघड्यावर ठेवणं बरं दिसेना. असं करत तिघांची चाल झाली. मग ‘टर्न संपवा’वर बोट ठेवून मी दहा मिनिटं बसले. शेवटी दाबलं. धुक्यातून चार आकृत्या आल्या, ठकुबाईनं त्यातली एक टिपली, आणि मी मोठ्यांदा “शाब्बास!” म्हणाले. रिकाम्या घरात तो आवाज फारच मोठा वाटला. पुढच्या टर्नमधले माझे तीन हलवून मी बाहेर पडले. फॉर्म छापायचा राहिलाच.

शनिवारी संध्याकाळी मी सहज म्हणून पाहिलं. सहज वगैरे काही नव्हतं, दिवसभर मनात तेच होतं. खालचे तिघे हलले होते. टर्न संपली होती, नवी अर्धी झाली होती. पुण्याला कुणीतरी माझ्यासारखंच सहज म्हणून पाहत होतं.

वेदांगला मी चार दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो जेवत होता. “कितीला पडला हा नवा भाग?” त्यानं विचारलं. “चाळीस दिरहम.” “म्हणजे साडेनऊशे रुपये. अगं, एवढ्यात त्यानं तुला फोन केला असता तर दोन महिने बोलून झालं असतं.” मुग्धा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “व्हाय डोंट यू जस्ट टेक्स्ट हिम, आई?” तेरा वर्षांच्या मुलीला काय सांगणार? की मेसेज लिहायला बसलं की पहिलाच शब्द अडतो, आणि शिपाई हलवायला शब्द लागत नाही? मी म्हणाले, “जेव गुपचूप.”

हा भाग लहान होता. त्याच्या माहितीत लिहिलं होतं: पाच मोहिमा, साधारण सहा तासांचा खेळ. खिंडीपलीकडच्या गावातली माणसं थंडी वाढायच्या आत नदीपार पोचवायची, एवढीच गोष्ट. पहिली मोहीम आम्ही आठवड्यात संपवली आणि माझ्या लक्षात आलं की आता चारच उरल्या. त्या दिवसापासून मी हळू खेळायला लागले. ज्या चालीला दोन मिनिटं लागतात तिला दोन दिवस लावायचे, जिथे सरळ जाता येतं तिथे वळसा घालायचा. आणि गंमत म्हणजे अंकुरही वळसे घालत होता. लहानपणी तो खेळायचा म्हणजे धावत सुटायचा. शिपाई दिसला की पळव पुढे, मग मी ओरडायची. आता तो माझ्या तिघांच्या आजूबाजूला आपले तीन असे लावत होता, की गोळी आलीच तर आधी त्याच्या माणसाला लागावी. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा माझे डोळे भरून आले आणि लगेच चीडही आली. मला कुणी सांगितलं होतं राखण करायला? पुन्हा तेच. मला कळू न देता माझ्या वाटचं आपण झेलायचं, आणि वर म्हणायचं, सगळं ठीक आहे. मी मुद्दाम मरियमबीला त्याच्या माणसाच्या पुढे नेऊन उभी केली. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस पुन्हा तिच्या पुढे एक चौकट. मी पुन्हा एक चौकट पुढे. चार टर्न आमचं असं चाललं, शत्रू बाजूलाच. मुग्धा पाठीमागून पाहत होती. ती म्हणाली, “यू बोथ आर सो वीअर्ड,” आणि मग थोडं थांबून, “बट यू आर स्मायलिंग.”

एकदा मेच्या शेवटी, शुक्रवारीच, मी खेळत असताना पडदा एकदम काळा झाला आणि अक्षरं आली: हे खातं दुसरीकडे वापरात आहे. एका खात्यावर एका वेळी एकालाच खेळता येतं. म्हणजे त्याच क्षणी, पुण्याला, तो त्याच्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. आम्ही एकाच दाराशी दोन्ही बाजूंनी एकदम आलो होतो. मी त्या काळ्या पडद्यावर तळहात ठेवला. कुणी पाहिलं असतं तर मला वेड लागलं म्हणालं असतं, पण खाली मशिदीत दुपारच्या नमाजाची बांग सुरू झाली होती आणि घरात कुणी नव्हतं. पाच मिनिटांनी मी पुन्हा आत गेले तर तो बाहेर पडलेला. त्यानं काहीच हलवलं नव्हतं. मला जागा करून दिली होती.

याच सुमारास वेदांगनं ते वाक्य टाकलं. आम्ही रास अल खोरच्या बाजारातून भाजी घेऊन परत येत होतो, गाडीत आंब्यांच्या पेटीचा वास भरला होता, आणि मी नेहमीप्रमाणे अंकुरचा पाढा वाचत होते. की खेळतो ते ठीक आहे, पण आठ दिवस, वेदांग, आठ दिवस तो माझ्याशी खोटं बोलला. वेदांग सिग्नलला थांबला आणि समोर बघत म्हणाला, “तू सलालाला गेली होतीस ना?” बाबा गेले त्याच वर्षी मार्चमध्ये माझ्या गर्भाशयातली गाठ काढली होती. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस मी पुण्याला सांगितलं होतं की ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी ओमानला, सलालाला आलेय, नेटवर्क मिळत नाही, काळजी करू नका. समुद्राचा एक फोटोही पाठवला होता, नेटवरून काढून. आईनं उत्तरात लिहिलं होतं, छान आहे, उन्हात फिरू नकोस. गाठ साधी निघाली आणि मी सलालाहून परत आले. त्यानंतर मला हे खोटं कधी खोटं वाटलंच नाही. इथल्या आम्हा सगळ्यांचा तो रिवाजच आहे. तिकडचे इकडे कळू देत नाहीत, इकडचे तिकडे. दोन्हीकडून रोज विचारायचं, कसे आहात, आणि दोन्हीकडून रोज सांगायचं, मजेत. नोकरी गेली तरी मजेत, दवाखान्यात असलो तरी मजेत. याला आम्ही प्रेम म्हणतो. “माझं वेगळं होतं,” मी वेदांगला म्हणाले. “हो,” तो म्हणाला, “तुझं साधं निघालं.” सिग्नल सुटला. मला त्याचा राग आला नव्हता. राग यायला हवा होता तिथे काहीतरी दुखत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाचव्या मोहिमेला लागलो. नदीवरचा लाकडी पूल, आठ टर्नमध्ये सगळ्यांनी पलीकडे जायचं, मग पूल तुटणार. जो अलीकडे राहील तो राहिला. म्हणजे वळसे घालायला आता जागा नव्हती. सात टर्न, सहा, पाच. मला रोज वाटायचं, हे संपलं की काय? पुन्हा ‘आईला दे’, ‘देतो’? बुधवारी मी हलवायचं टाळलं. गुरुवारी ऑफिसात ऑडिट होतं, संध्याकाळी कशीबशी माझी अर्धी टर्न खेळले आणि आईला फोन लावला. आईचा कॅमेरा दोन दिवस बंद होता. “काय झालंय कोण जाणे या मोबाइलला,” ती म्हणाली. “नुसता आवाज येतोय ना? मग पुरे. मजेत आहे मी. तू जेवलीस का?” मी जेवले होते. मीही मजेत होते.

शुक्रवारी सकाळी गेम उघडला. एरवी उघडल्यावर नकाशाचा कुठलाही भाग समोर येतो, शेवटी उठलेल्या माणसानं जिथे सोडला असेल तो. त्या दिवशी समोर बरोबर मधोमध एक पडलेला शिपाई आला. इतका जवळून, की पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं. बर्फात आडवा, हात पसरलेले, डोक्यावर आकडा: दोन. दोन टर्नच्या आत कुणी पोचलं तर तो उठेल, नाहीतर संपला. तो अंकुरच्या तिघांतला होता. त्याच्या उरलेल्या दोघांची चाल झाली होती, पण ते पुलाकडे गेले नव्हते, या पडलेल्याच्या दोन अंगांना येऊन थांबले होते. मी नकाशा बाजूला सरकवला आणि परत आणला. चुकून राहिला असेल म्हणावं, तर चित्र इतकं जवळ आणायला चाक चारपाच वेळा फिरवावं लागतं. त्यानं ते फिरवलं होतं. मला दिसावं म्हणून त्यानं तो माझ्या डोळ्यांसमोर आणून ठेवला होता.

आणि मला एकदम आमची जुनी खोली आठवली. बाबांच्या कॉम्प्युटरचा तो फुगीर पडदा आणि त्याच्यासमोर नऊ वर्षांचा अंकुर, हाताची घडी घालून, अतिशय अभ्यासू चेहऱ्यानं बसलेला. मी क्लासहून आले होते. “झाली माझी चाल,” तो म्हणाला, “सगळे ठीक आहेत.” मी माझे तीन हलवले, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली की एक शिपाई मेला. त्याचा शिपाई दोन टर्न कोपऱ्यात पडून होता, आणि त्यानं नकाशा दुसऱ्याच टोकाला नेऊन ठेवला होता, मला दिसू नये म्हणून. मरियमबी चार चौकटींवर होती, चार. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो रडत म्हणाला, “तू चिडशील म्हणून.” आणि मी चिडले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. अशी मी किती वेळा चिडले असेन? परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून, सायकल आपटली म्हणून, बाबांचं पेन हरवलं म्हणून. प्रत्येक वेळी तो सांगायला आला, आणि प्रत्येक वेळी मी आधी चिडले. वाईट बातमी सांगणाऱ्याचं काय होतं, हे त्या पोराला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं, मीच शिकवलं होतं. अडीच वर्षं मी त्याच्याकडून हिशोब मागत होते, आणि हे एवढं साधं मला कधी सुचलं नव्हतं. मी खुर्चीतच पुढे वाकून बसले. डोक्यावरून एक विमान गेलं, तावदानं थरथरली, तरी मी तशीच होते.

मग मी मरियमबीला पुलावरून मागे फिरवलं. तिथून त्या शिपायापर्यंत ती एका टर्नमध्ये पोचत नव्हती, पण दुसरीत पोचणार होती. बाकीचे दोघंही मागे आणले. बटण दाबलं नाही. फोन घेतला आणि अंकुरचा नंबर लावला. पुण्यात साडेअकरा वाजले असतील. तीन रिंग झाल्या.

“हं ताई. थांब, आईला देतो.”

“आईला नको. तुझ्याशी बोलायचंय.”

मागे कुठेतरी स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज आला, आणि चाकांची गाडी ढकलत नेल्याचा. आमच्या घरात चाकांची गाडी नाही.

“अंकुर, मी सलालाला गेले नव्हते.”

“काय?”

“बाबा गेले त्या मार्चमध्ये. ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. ऑपरेशन झालं होतं माझं, गाठ होती. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. मला वाटलं होतं आता खलास. तुम्हाला कुणालाच सांगितलं नाही मी.”

“अगं, पण तो समुद्राचा फोटो?”

“नेटवरचा.”

“आईनं तो डीपीला ठेवला होता, ताई! महिनाभर!” त्याचा आवाज मध्येच फाटला. हसत होता का रडत होता, मला कळलं नाही. मलाही माझं कळत नव्हतं. “आता? आता कशी आहेस?”

“आता खरंच बरी आहे. गाठ साधी होती. पण मी तुला सांगितलं नाही, आणि वर तुला मात्र केवढं बोलले. आणि अंकुर, त्याच्याही आधीपासून, लहानपणापासून, तू काही सांगायला आलास की मी आधी चिडायची. आता नाही चिडणार. निदान प्रयत्न करीन.”

तो हळू म्हणाला, “बाबांचं सांगायला मी रोज फोन हातात घ्यायचो, ताई. मंगळवारी तर ठरवूनच घेतला होता. पण वाटायचं, तुला सांगितलं की ते खरं होईल. तोपर्यंत नुसतं व्हायरल होतं.”

“हं,” मी म्हणाले.

“ताई.”

“बोल.”

“आई पडलीय. बुधवारी सकाळी, बाथरूममध्ये. खुब्याचं हाड मोडलंय. आम्ही हॉस्पिटलात आहोत.”

मागून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत. “अरे, तिला कशाला सांगतोस? ती तिकडे काळजी करत बसेल! मी मजेत आहे म्हणून सांग!”

“आई, तू मजेत नाहीयेस,” अंकुर म्हणाला. “वैभवी, जरा हिला पाणी दे. हां, ताई, ऐक. सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे. रॉड घालणार आहेत. वय एकाहत्तर, त्यामुळे भुलीची थोडी रिस्क आहे असं डॉक्टर म्हणाले. शुगर काल दोनशे चाळीस होती, आज एकशे नव्वद. हार्टचं सगळं नॉर्मल. नीट झालं तर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी करतील, सहा आठवड्यांत चालेल. रात्री मी इथेच असतो, पहाटे तासभर घरी जाऊन येतो तेवढंच. रात्री दुखतं तिला. ओरडत नाही, पण मला कळतं.”

मी हाताला लागला त्या कागदावर सगळं लिहून घेत होते. दोनशे चाळीस, एकशे नव्वद, सोमवार, रॉड, भूल. तो काही गाळत नव्हता. मी विचारलं ते सांगत होता, विचारलं नाही तेही सांगत होता. एकेक ओळ ऐकताना भीती वाटत होती, आणि तरीही इतकं सुख मला अडीच वर्षांत झालं नव्हतं. पलीकडे आई अजून तक्रार करत होती, की हा मुलगा ऐकत नाही, पोरीच्या जिवाला घोर लावतो.

“अंकुर,” मी विचारलं, “मी येऊ का?”

आई म्हणाली, “यायची काही गरज नाही म्हणावं, सुट्टी कशाला घालवते!” तो तिच्यापासून लांब चालत गेला असावा, कारण तिचा आवाज बारीक होत गेला, आणि एक दार लोटल्याचं ऐकू आलं.

“ये,” तो म्हणाला. “आजच ये, ताई. मला एकट्याला भीती वाटतेय.”